अनलिमिटेड आणि मेजरांची मिशी

मला फसवणं अशक्य आहे! हे मी गर्वाने म्हणत नाही, धंद्याने म्हणतो. गेली चोवीस वर्षं मी एका विमा कंपनीत अटी लिहितो. पॉलिसीच्या जाहिरातीत तुम्ही एक हसरं कुटुंब बघता. त्या कुटुंबाच्या डोक्यावर ‘संपूर्ण संरक्षण’ असं ठळक लिहिलेलं असतं आणि ‘संपूर्ण’ या शब्दाच्या खांद्यावर एक बारीक चांदणी बसलेली असते. ती चांदणी माझी. पानाच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक मजकूर असतो. संपूर्ण म्हणजे आग, पूर, वारा, गळती, उंदीर आणि तुमचा स्वतःचा निष्काळजीपणा वगळून उरेल ते संपूर्ण, असा. तो मजकूरही माझाच. तो आजवर एकाही माणसाने वाचलेला नाही, याचा मला सार्थ अभिमान आहे.

त्यामुळे घरात नवं इंटरनेट घ्यायचं ठरलं, तेव्हा ते काम माझ्याकडे येणं स्वाभाविक होतं.

इंटरनेट हवं होतं ते बायकोसाठी. ती एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि नऊ वर्षं पीएच.डी. करत होती. विषय : ‘ग्रंथालयातून नेलेली पुस्तके परत न करणाऱ्या वाचकांचे वर्तन’. हसू नका. तिने अशा त्रेपन्न वाचकांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या आहेत. प्रबंधात त्यांची नावं नाहीत, नुसते क्रमांक आहेत. ‘नाव छापणार नाही’ असं लेखी दिल्याशिवाय एकानेही दार उघडलं नव्हतं.

नऊ वर्षांनी अखेर व्हायवाची तारीख मिळाली. शुक्रवार, सकाळी अकरा, ऑनलाइन. बाहेरचे परीक्षक परदेशात होते आणि त्यांना गाठायला चार महिने गेले होते. तिचे गाइड त्याच महिनाअखेरीला निवृत्त होत होते. शुक्रवार हुकला तर नवे गाइड मिळणार, आणि नवे गाइड म्हणजे पहिल्या प्रकरणापासून सुरुवात! ‘मला यात मूलभूत अडचण दिसते’ हे वाक्य बोलल्याशिवाय जगातला कुठलाही नवा गाइड खुर्चीत बसत नाही.

कॉलेजच्या ग्रंथालयात त्या आठवड्यात वाळवीचं औषध मारणार होते, म्हणून ते बंद. माझ्या ऑफिसात बाहेरच्या व्यक्तीला नेट वापरायला मनाई आहे. ती अट मीच लिहिली आहे. आणि आमच्या घरात मोबाइलची रेंज फक्त एका ठिकाणी येते : संडासाच्या खिडकीत. तिथे उभं राहून वाढदिवसाच्या शुभेच्छा देता येतात, पीएच.डी. घेता येत नाही.

म्हणून मी महिनाभर आधीच कामाला लागलो आणि ‘अनलिमिटेड’ योजना घेतली. पत्रकावर ‘अनलिमिटेड’च्या खांद्यावर चांदणी होती. मी ती पाहिली. तिच्याकडे बघून किंचित हसलोही, जसा एक डॉक्टर रस्त्यात दुसऱ्या डॉक्टरकडे बघून हसतो. खाली मात्र वाचलं नाही. चोवीस वर्षं तो मजकूर लिहिणाऱ्याने घरी येऊन तोच वाचायचा?

“खाली काय लिहिलंय ते वाचलंत का?” बायकोने विचारलं.

“अगं, तिथे काय लिहिलेलं असतं ते मला माहीत आहे!”

“काय असतं?”

“काही नसतं. नुसती भीती घालायला असतं.”

अनलिमिटेड या शब्दाचा माणसाच्या स्वभावावर चमत्कारिक परिणाम होतो. मी जन्मात कुणाला पेन उसनं दिलेलं नाही. पण राउटरचे दिवे लुकलुकायला लागले आणि माझ्यातला राजा जागा झाला. आमची इमारत लहान. तळमजल्यावर सलून, पहिल्या मजल्यावर मेजर, वर आम्ही. मी त्याच संध्याकाळी पहिल्या मजल्यावर जाऊन मेजरांना पासवर्ड देऊन टाकला.

मेजर म्हणजे लष्करातले नव्हेत, हवामान खात्यातले निवृत्त कारकून. पण त्यांची मिशी सेनापतीची होती. डोक्यावर एक केस नाही. निसर्गाने सगळी गुंतवणूक ओठावर केलेली. दोन्ही टोकं अशी वर वळलेली की त्यांना घड्याळ लावलं असतं तर कायम दहा वाजून दहा मिनिटं झाली असती.

“पण माझं कनेक्शन आहे की,” मेजर म्हणाले.

“काढून टाका!”

“असं कसं?”

“मेजर, आमचं अनलिमिटेड आहे. समुद्रातून तुम्ही एक लोटा घेतलात तर समुद्राला कळणार आहे का?”

मेजरांनी दुसऱ्या दिवशी त्यांचं कनेक्शन बंद केलं. खालच्या सलूनवाल्यालाही मी तीच उदारता दाखवली. त्याने वस्तऱ्यावरून नजर न काढता विचारलं, “तुमचं बंद पडलं तर?” मी खो खो हसलो. तो म्हणाला, “मला माझं बरं आहे.” काही माणसांना मोठेपणा झेपत नाही.

घरात सासरे होते. वय एकोणऐंशी, छंद बुद्धिबळ. जगात कुठे ना कुठे कुणीतरी कायम बुद्धिबळ खेळत असतं, हे त्यांना अनलिमिटेडमुळे कळलं. ते सकाळी सातला टीव्हीपुढे बसत आणि एखाद्या परक्या माणसाने घोडा हलवला की “गाढव आहे!” म्हणत.

आता माझी जबाबदारी पुढची होती. व्हायवाच्या दिवशी दगाफटका नको, म्हणून मी इंटरनेटचा वेग मोजायचं ठरवलं. एकदा मोजला. उत्तम होता! पण पाच मिनिटांनी बदलला असेल तर? पुन्हा मोजला. मग माझ्या लॅपटॉपवर असं एक सॉफ्टवेअर बसवलं, की ते दर पाच मिनिटांनी आपोआप वेग मोजेल, दिवसरात्र, आणि त्याचा आलेख काढेल. आलेख मी रोज बायकोला दाखवत असे.

“बघ, दुपारी सव्वातीनला जरा खाली आला होता. पण तीन वीसला सावरला!”

“अहो, मला सातवं प्रकरण वाचू द्याल का?”

“वाच, वाच. इकडची काळजी माझ्यावर सोड.”

तिने सोडली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने केलेली ही एकमेव गंभीर चूक.

बुधवारी संध्याकाळी सासऱ्यांच्या टीव्हीवर एका खेळाडूने उंट उचलला आणि तो उंट हवेतच राहिला. खेळाडू स्तब्ध. उंट स्तब्ध. मधोमध एक वर्तुळ गोल गोल फिरतंय.

“विचार करतोय,” सासरे म्हणाले.

चाळीस मिनिटं तो विचारच करत होता. मग मी आलेख पाहिला. आलेख कड्यावरून उडी मारल्यासारखा सरळ खाली गेला होता आणि तळाशी आडवा पडला होता.

मी संडासाच्या खिडकीत जाऊन कंपनीला फोन लावला. वाट बघताना एक बाई ‘आपल्या अमर्याद आनंदासाठी’ असं गाणं म्हणत होती. ते अकरा वेळा ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली. आवाज मधाचा.

“सर, तुमचं इंटरनेट चालू आहे.”

“चालू कसलं? बंद पडलंय!”

“नाही सर, चालू आहे. हळू चालू आहे. तुमची वाजवी वापराची मर्यादा संपली.”

“मर्यादा? अहो, अनलिमिटेड आहे ना?”

“हो सर, अनलिमिटेडच आहे. मर्यादा वेगाला आहे, इंटरनेटला नाही. या वेगाने तुम्ही महिनाभर कितीही वापरू शकता.”

“या वेगाने महिनाभरात एक फोटो उघडेल!”

“हो सर. पण तो तुम्ही पूर्ण बघू शकता. आम्ही मध्येच बंद करत नाही.”

“वाजवी म्हणजे किती?”

“हजार जीबी, सर. त्यापुढे अवाजवी.”

“हे कुठे लिहिलंय?”

“चांदणीखाली, सर.”

मी पत्रक काढलं, भिंग लावलं आणि वाचलं. कलम चौदा, पोटकलम क : ‘अमर्याद या संज्ञेचा अर्थ कंपनीने वेळोवेळी ठरवलेल्या मर्यादेच्या अधीन राहून घ्यावा.’ प्रामाणिकपणे सांगतो, मला राग यायला हवा होता. पण आधी अंगावर काटा आला. ‘वेळोवेळी ठरवलेल्या’! काय हात आहे! चोवीस वर्षांत मला असं एक वाक्य जमलेलं नाही. मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना दारात बायको उभी होती.

“म्हणजे शुक्रवारी काय?” तिने शांतपणे विचारलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या हातात प्रबंध होता, पाचशे बारा पानांचा, आणि तिने तो छातीशी धरला होता, पावसात दप्तर धरतात तसा.

“शुक्रवारपर्यंत मी सगळं सुरळीत करतो,” मी म्हणालो. “आधी चोर शोधतो.”

कंपनीच्या मुलीने सांगितलं होतं की जादा जीबी विकत घेता येतात. फक्त त्यांच्या साइटवरून. साइट आमच्या वेगाने उघडेना. मी पुन्हा खिडकीत गेलो, एक पाय कमोडवर ठेवून मोबाइल उंच धरला आणि जीबी विकत घेतले. ताबडतोब संदेश आला : ‘अभिनंदन! आपली जादा सुविधा कामकाजाच्या तीन दिवसांत सुरू होईल.’ म्हणजे सोमवारी. कारण शनिवार-रविवार कंपनीच्या अमर्यादेत बसत नव्हते.

राहिला चोर. संशयित दोनच होते. पहिले घरातच बसले होते.

“बाबा, तुम्ही दिवसभर बुद्धिबळ बघता.”

“मग? अनलिमिटेड आहे म्हणालात ना जावईबापू?”

“तसं अनलिमिटेड नाही ते.”

“मग तसं सांगायचं होतं.” त्यांनी रिमोट माझ्या हातात ठेवला आणि काळ्या पडलेल्या टीव्हीपुढे तसेच बसून राहिले, पाठ ताठ ठेवून, जेवणाची वेळ होईपर्यंत. या वयात इतका स्वच्छ अपमान करता येतो हे मला माहीत नव्हतं.

सासऱ्यांना दोषी धरणं घरच्या शांततेला परवडणारं नव्हतं. उरले मेजर. मी गुरुवारी सकाळी पासवर्ड बदलला आणि जिन्यात एक सूचना लावली. ती मी खास माझ्या शैलीत लिहिली होती : ‘काही रहिवाशांनी सौजन्यपूर्वक देण्यात आलेल्या सुविधेचा अवाजवी उपभोग घेतल्याचे निदर्शनास आले असून, संबंधितांची सुविधा खंडित करण्यात आली आहे. संबंधित व्यक्तीचे नाव जाहीर करण्याचे टाळण्यात येत आहे.’

इमारतीत आमच्याखेरीज रहिवासी एकच होता.

दहाव्या मिनिटाला बेल वाजली. मेजरांच्या मिशीची टोकं थरथरत होती.

“अवाजवी उपभोग? मी? मी रोज सकाळी दहा मिनिटं हवामान बघतो!”

“सूचनेत कुणाचं नाव नाही, मेजर.”

“खाली सलूनवाला मोठ्याने वाचत होता. गिऱ्हाईक विचारत होतं, मेजर काय बघतात म्हणे एवढं? या वयात? लोकांनी काय समजायचं?”

“लोकांनी काय समजावं यावर सूचनेत भाष्य नाही.”

मेजर एक शब्द न बोलता खाली गेले. पायऱ्या मात्र बोलत होत्या.

संध्याकाळी कंपनीकडून वापराचा तपशील ई-मेलने आला. उघडायला चाळीस मिनिटं लागली. तो वरून खाली ओळ ओळ करत, पडदा सोडावा तसा उलगडत गेला. सासऱ्यांचा टीव्ही : शंभर जीबी. मेजरांचा फोन : दोन. बायको : नऊ. मग खूप वेळ काहीच आलं नाही. आम्ही तिघं पडद्याकडे डोळे लावून बसलो. आणि मग शेवटची ओळ उतरली.

माझा लॅपटॉप : आठशे एकोणनव्वद.

“तुम्ही काय बघत होता हो?” बायकोने विचारलं.

“मी? मी काही बघतच नव्हतो! मी नुसता वेग मोजत—”

आणि मला कळलं. वेग मोजायचा म्हणजे त्या सॉफ्टवेअरला दर वेळी भरपूर डेटा खेचून आणि ढकलून बघावा लागतो. दर पाच मिनिटांनी. दिवसरात्र. गळती आहे का हे बघायला मी महिनाभर नळ उघडा ठेवला होता.

सासऱ्यांनी हात पुढे केला. मी रिमोट परत दिला.

शुक्रवार उजाडला. ठरलं असं की घरातलं सगळं बंद ठेवायचं आणि सगळा वेग बायकोला द्यायचा. मी फ्रिजसुद्धा बंद केला. फ्रिजचा इंटरनेटशी संबंध नाही हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी माझा कशावरच विश्वास उरला नव्हता. साडेदहाला तिने गाइडना फोन लावून पाहिला. पडद्यावर तिचा चेहरा आला आणि अर्धे मिटलेले डोळे, अर्धं उघडलेलं तोंड अशा अवस्थेत थिजला.

“बाई, तुम्ही झोपलात का?” पलीकडून गाइडचा आवाज आला. मग तोही तुटला.

अकराला पंचवीस मिनिटं कमी. बायकोने लॅपटॉप मिटला, बगलेत मारला.

“चला खाली.”

“मेजरांकडे? त्यांचं मीच बंद करायला लावलं!”

“सलूनमध्ये.”

सलूनच्या काचेवर एक पाटी आहे. मी ती रोज बघत होतो, वाचली कधी नव्हती. (माझ्या वाचकांचंही हेच होत असावं.) ‘गिऱ्हाइकांना इंटरनेट. एका कामाला वीस मिनिटं.’ बस्स. ना चांदणी, ना कलम, ना ‘वेळोवेळी’. इतकं उघडंनागडं वाक्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

“कॉलेजची पोरं यायची,” सलूनवाल्याने समजावलं. “दिवसभर बसायची आणि केस वाढवून परत जायची. मग हे मशीन घेतलं. काम सुरू केलं की चिठ्ठी निघते, चिठ्ठीवर नंबर, नंबर टाकला की वीस मिनिटं नेट. मग बंद.”

“सहा चिठ्ठ्या द्या,” मी म्हणालो. “होतील ते घ्या.”

“मी इंटरनेट विकत नाही साहेब. केस कापतो.”

“अहो, पण तत्त्वतः—”

“तत्त्वतः खुर्चीत बसा. वहिनी, तुम्ही आत जा. टॉवेलच्या खोलीत शांत असतं.”

अकराला पाच मिनिटं असताना मी खुर्चीत बसलो. बायको पडद्यामागच्या खोलीत, मागे पांढऱ्या टॉवेलचे गठ्ठे. दोघांच्या मध्ये सासरे. त्यांचं काम निरोप्याचं : चिठ्ठी घ्यायची, चवड्यांवर चालत जायचं आणि पडद्याखालून सरकवायची. त्यांना मी आधी खुर्चीत बसवून पाहिलं होतं. सलूनवाल्याने त्यांच्या टकलाकडे बघितलं, गालावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. “आजोबांनी दाढी सकाळीच घोटून केलीय. इथे कामच नाही.” लेकीच्या व्हायवासाठी त्यांनी मुद्दाम केली होती.

पहिली चिठ्ठी, केस कापणे. कात्री चालू झाली. आतून बायकोचा आवाज येऊ लागला, आधी बारीक, मग ठाम. “वाचक पुस्तक चोरत नाही, सर. तो परत करणं पुढे ढकलतो...” माझ्या अंगावर मूठभर केस पडले आणि मूठभर मांस चढलं.

दुसरी चिठ्ठी, दाढी. अकरा वीसला एक क्षणभर आत शांतता झाली, सासरे बाणासारखे सुटले आणि आवाज परत सुरू झाला.

तिसरी चिठ्ठी, डोक्याला मालिश. सलूनवाला माझ्या डोक्यावर तबला वाजवू लागला.

“हळू!” मी कुजबुजलो. “आत परीक्षा चाललीय!”

“मग नुसतं चोळतो. तेलही एवढंच उरलंय, ही आजची शेवटची मालिश.”

बारा वाजले. आत चालूच होतं. आता परीक्षक बोलत असावेत, कारण बायको मधूनमधून फक्त “हो सर... अरेरे... हो सर” म्हणत होती. अरेरे! अवघड प्रश्न विचारत होते नक्की.

“पुढे काय?” सलूनवाल्याने विचारलं.

“काय राहिलंय?”

“कलप.”

आयुष्यात मी केसांना काळं लावलं नव्हतं. चौथी चिठ्ठी! वीस मिनिटांत मी पंधरा वर्षांनी तरुण झालो. आरशातला माणूस एखाद्या निवडणुकीला उभा राहिल्यासारखा दिसत होता. बारा वीस झाले.

“संपलं का?” मी सासऱ्यांना खुणेने विचारलं. त्यांनी पडद्याला कान लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली : नाही.

“आता?” मी विचारलं.

सलूनवाल्याने माझ्या नव्या काळ्याभोर केसांकडे बघितलं, मग वस्तऱ्याकडे बघितलं. पाचवी चिठ्ठी निघाली. नुकतंच मन लावून काळं केलेलं सगळं पीक तो मन लावून उतरवू लागला.

बारा अडतीस. माझं डोकं अंड्यासारखं झालं होतं. आतून आवाज येतच होता. आणि खुर्चीत आता कापण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“भुवया?” मी विचारलं.

“त्याला वीस मिनिटं लागत नाहीत. एक मिनिट लागतं. खोटी चिठ्ठी मी काढत नाही.”

“अहो, नऊ वर्षं आहेत तिची आत! दोन मिनिटांत सगळं—”

तेवढ्यात काचेचं दार उघडलं. मेजर! हातात छत्री. माझ्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. गेलं असतं तरी त्यांनी मला ओळखलं नसतं.

“टोकं जरा नीट करून द्या,” ते सलूनवाल्याला म्हणाले.

“मेजर!” मी ओरडलो. कुजबुजतच, पण ओरडलो.

त्यांनी वळून त्या गुळगुळीत गोळ्याकडे पाहिलं. आवाज कुठून येतोय हे समजायला त्यांना थोडा वेळ लागला.

“मला तुमच्याशी बोलायचं नाही.”

“नका बोलू. माझं चुकलं. दोन जीबी तुमचे, आठशे एकोणनव्वद माझे! मी सूचना काढतो. नवी लावतो, माझं नाव घालून. पण आत हिची व्हायवा चाललीय आणि दीड मिनिटात नेट जाणार आहे. कुणाचं तरी काहीतरी कापल्याशिवाय चिठ्ठी निघत नाही!”

“वहिनींची? ती पुस्तकांची?”

“हो!”

“टोकं चालतील?” मेजरांनी विचारलं.

सलूनवाल्याने मान हलवली. “टोकं म्हणजे काम नव्हे. मी ती तुम्हाला अशीच करून देतो. पूर्ण मिशी असली तर मात्र काम. मऊ करायची, कापायची, घोटायची. वीस मिनिटं सहज.”

मेजर आरशापुढे उभे राहिले. दहा वाजून दहा मिनिटं. मग त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमच्यासाठी नाही. मी त्या प्रबंधात आहे.”

“तुम्ही?”

“वाचक क्रमांक सतरा. माझ्यावर साडेसहा पानं आहेत.” त्यांचा आवाज जरा ओला झाला. “बत्तीस वर्षं नोकरी केली, माझ्यावर कुणी साडेसहा ओळी लिहिल्या नाहीत. करा सुरू.”

सहावी चिठ्ठी निघाली. सासरे धावले. सलूनवाल्याने गरम टॉवेल ठेवला, आणि कात्री पहिल्यांदा चालली तेव्हा आम्ही तिघांनीही दुसरीकडे बघितलं.

बारा पंचावन्नला पडदा सरला आणि बायको बाहेर आली. डोळे लाल, चेहरा उजळलेला.

“झालं,” ती म्हणाली. “झाले मी डॉक्टर!”

सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. सलूनवाल्याने वस्तरा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मग तिने इकडेतिकडे पाहिलं. “आमचे हे कुठे गेले?”

“हा काय मी!”

तिने माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या खुर्चीतल्या कोऱ्या चेहऱ्याच्या गृहस्थाकडे पाहिलं, आणि कोपऱ्यातल्या ओळखीच्या छत्रीवरून ते मेजर असल्याचं तिला कळलं.

“मेजर... मिशी?”

मेजरांनी उघड्या ओठावरून बोट फिरवलं, घर बदलल्यावर माणूस अंधारात दिव्याचं बटण शोधतो तसं. “ते जाऊ द्या. सतरा नंबरचं विचारलं का त्यांनी?”

तिने त्या उघड्या ओठाकडे पाहिलं.

“विचारलं,” ती म्हणाली. “शेवटची वीस मिनिटं त्याच्यावरच चाललं होतं.”

“मग ठीक आहे,” मेजर म्हणाले आणि ताठ मानेने आपल्या घराकडे गेले.

आम्ही जिना चढू लागलो. पहिल्या मजल्यावरचं दार बंद झाल्याची खात्री करून तिने माझी बाही ओढली.

“अहो, ऐका. सतरा नंबरचा विषयसुद्धा निघाला नाही.”

“मग शेवटची वीस मिनिटं काय चाललं होतं?”

“शेवटचा सव्वा तास म्हणा. मला अकरा चाळीसलाच अभिनंदन म्हणाले. नंतर त्या परदेशातल्या परीक्षकांनी कबुली द्यायला सुरुवात केली. ते विद्यार्थी असताना त्यांनी एक पुस्तक नेलं होतं, अजून कपाटात आहे. रडायलाच लागले हो! मध्येच कसं उठायचं?”

अकरा चाळीस. म्हणजे मालिश सुरू व्हायच्या आधी! कलप, टक्कल, मिशी, सगळं त्या एका कपाटातल्या पुस्तकापायी! मी कठड्याला धरून उभा राहिलो.

“मेजरांना यातलं एक अक्षर सांगायचं नाही,” ती म्हणाली. “कळलं ना? त्यांना फार लागेल.”

“आणि मला लागत नाही? मला कशाला सांगितलंस मग?”

तिने माझ्या डोक्याकडे शांतपणे पाहिलं.

“तुमचे केस काय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तसेही चाललेच होते.”